वजनाचं आधी सांग

घोडबंदर रोड, ठाणे
१२ ऑक्टोबर २००८

प्रिय दादा,

मागच्या वर्षी आईच्या वर्षश्राद्धाला आपण भांडलो, त्यानंतर आज पहिल्यांदा लिहितेय. फोनवर तू ओरडतोस आणि मी फोन ठेवते. मेलमध्ये निदान वाक्य पूर्ण होतं.

काम तुझ्या धंद्यातलंच आहे. मला लॅपटॉप घ्यायचाय. यंदा निघालाय ना, तो अगदी पातळवाला, ज्याची कड बोटाएवढीही जाड नाही. मानपाडा रोडवर दिवसभर लॅपटॉप उघडून बसतोस, तेव्हा एखादा तुझ्या हाताखालून गेलाच असेल.

माझं काम तुला माहीत आहे. दवाखान्यांत जाऊन आमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर बसवायचं, पेशंटच्या जुन्या नोंदी त्यात चढवायच्या, रिसेप्शनवरच्या मुलीला शिकवायचं. गेले चार महिने मी ऑफिसातच बसून आहे. साहेब म्हणाले, जानेवारीपासून पुन्हा पूर्ण फिरती हवी, नाहीतर त्या जागी दुसरं माणूस घेऊ. ऑफिसचा लॅपटॉप बॅगेसकट साडेचार किलो भरतो. स्वतःचा वापरायला त्यांची हरकत नाही.

प्रोसेसर, रॅम, डिस्क, सगळं लिही. पण वजनाचं आधी सांग. चार्जर धरून.

रसिका


डोंबिवली पूर्व
१४ ऑक्टोबर

रसिके,

वजन एक किलो साडेतीनशे. चार्जर दोनशेच्या आसपास. झालं समाधान? आता बाकीचं ऐक.

तुमच्या घोडबंदरच्याच एका गिऱ्हाइकाचा गेल्या आठवड्यात आलेला, तेव्हा आतून बघितलाय. दिसायला देखणा, खोटं कशाला बोलू. स्क्रीन झकास, कीबोर्डवरून हात काढवत नाही. पण इतका पातळ करायला काय काय काढून टाकलंय ते बघ. सीडी ड्राइव्ह नाही. वायरचं नेटवर्क जोडायला जागा नाही. यूएसबीचं भोक फक्त एक. तुझ्या सॉफ्टवेअरला ती डोंगलची चावी लागते ना, ती खुपसली की संपलं. मग पेन ड्राइव्ह कुठे लावणार, माझ्या डोक्यात?

रॅम दोन जीबी, तीही बोर्डावर डाग देऊन बसवलेली. उद्या कमी पडली तर वाढवता येत नाही. डिस्क गाणी ऐकायच्या डबीत असते तसली पिटुकली, मिनिटाला बेचाळीसशे फेरे. साध्या लॅपटॉपची चोपन्नशे फिरते, म्हणजे हिशोब तूच कर. बॅटरी आत स्क्रूने बंद. आणि जास्त काम दिलं की तापतो, तापला की स्वतःच स्वतःचा वेग उतरवतो. मीटिंगमध्ये टेबलावर ठेवून मिरवायला उत्तम आहे. तू मीटिंगवाली आहेस का?

आणि चार महिने ऑफिसात का बसलीस? फिरतीशिवाय तुला करमत नाही म्हणायचीस.

खरं सांगू? तुला नेहमी हलकंच हवं असतं. आईच्या वेळीही जड ते सगळं इथे राहिलं, आणि तू शनिवारी फळं घेऊन यायचीस.

सुशांत


घोडबंदर रोड
१७ ऑक्टोबर

दादा,

फळांचं वाचलं. त्यावर आज लिहीत नाही.

चार महिने थोडी दमले होते म्हणून बसले. आता बरी आहे.

सीडी नाही, वायर नाही, भोक एक, सगळं समजलं आणि तुझं सगळं बरोबर आहे. तरी मला तोच हवाय. बसमध्ये एका हाताने दांडा धरावा लागतो. दुसऱ्या हातात काय धरायचं ते मी ठरवलेलं बरं.

दोनच गोष्टी विचारते, चिडू नकोस. कंपनी लिहिते त्या वजनावर माझा विश्वास नाही. तुझ्या दुकानाशेजारच्या किराणावाल्याच्या काट्यावर तो एकदा ठेवून बघशील का? आणि गरम होतो म्हणजे किती? मांडीवर किंवा हातावर घेतला तर नुसता कोमट लागतो, की चटका बसण्याइतका?

रसिका


डोंबिवली पूर्व
२७ ऑक्टोबर

रसिके,

किराणावाल्याकडे मी गेलो नाही. लोक हसतील.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी हाताने तयार केलंय. एका बँकवाल्याचा चांगला लॅपटॉप पडून होता. बोर्ड धुतला, कीबोर्ड बदलला, चार जीबी रॅम घातली, बहात्तरशे फेऱ्यांची डिस्क टाकली. सीडी ड्राइव्ह आहे, वायरचं नेटवर्क आहे, यूएसबी चार आहेत. नवी बॅटरी. वजन अडीच किलो, चार्जर आणि बॅग मिळून साडेतीन. ऑफिसवाल्यापेक्षा किलोभर कमी. घासाघीस करून शेवटी मधला रस्ता काढावा लागतो, तो हा.

भाऊबीजेला तू येणार नाहीस हे धरून कुरिअरने पाठवतोय. ओवाळणी समज. परत पाठवलास तर मी तुझा भाऊ नाही.

अमृता विचारत होती, वन्संचा आवाज ऐकून वर्ष झालं.

सुशांत


घोडबंदर रोड
३ नोव्हेंबर

दादा,

लॅपटॉप मिळाला. ओवाळणी परत कशी करणार? झाकणावर आतल्या बाजूला तू माझ्या नावाची पट्टी लावलीस, ती चालू करायच्या आधी दोनदा वाचली. थोडी फिरती आत्तापासूनच सुरू केलीय, त्यात चालतो फार छान. नोंदी अर्ध्या वेळात चढतात.

एकच विचारायचं होतं. दवाखान्यात वीज असतेच. बॅटरी काढून घरी ठेवली आणि नुसत्या विजेवर चालवला तर चालेल का? म्हणजे मी काही तक्रार करत नाहीये.

वहिनीला सांग, लवकरच येईन.

रसिका


डोंबिवली पूर्व
५ नोव्हेंबर

बॅटरी अजिबात काढू नकोस. तुमच्या ठाण्यात कळत नसेल, इकडे रोज वीज जाते. नोंदी चढत असताना लाइट गेली तर अख्खी फाइल बोंबलेल. मी नवी बॅटरी कशाला घातली मग? पाच तास खेचते ती!

चालतोय ना छान? सांगितलेलं मी.

सुशांत


घोडबंदर रोड
२२ नोव्हेंबर

दादा

तू सांगितलेलं तरी मी बॅटरी काढून नेत होते. तीनशेवीस ग्रॅम कमी होतात. परवा कल्याणच्या एका डॉक्टरांकडे नोंदी चढत असताना वीज गेली. फाइल गेली. डॉक्टर पेशंटसमोर ओरडले. सगळं पहिल्यापासून केलं. संध्याकाळपर्यंत त्यांचा फोन ऑफिसात पोहोचला होता.

साहेब म्हणाले, २९ डिसेंबरला कल्याणच्या मोठ्या पॉलिक्लिनिकचं काम आहे, ते तूच कर, मग बघू. म्हणजे काय ते तुला कळलंच.

आता बॅटरी लावूनच नेते. चूक माझी होती.

एका हाताने टाइप करतेय. डावा जरा दुखावलाय.

रसिका


डोंबिवली पूर्व
२४ नोव्हेंबर

दुखावला म्हणजे? पडलीस का? मलम लाव आणि सकाळ-संध्याकाळ गरम पाण्याने शेक. दोन दिवसांत उतरेल. आणि बॅग खांद्याला आडवी अडकवत जा, हातात धरू नकोस.

बॅटरीचं आता काही बोलत नाही.

सुशांत


घोडबंदर रोड
८ डिसेंबर

श्री. सुशांतभाऊ यांना,

मी जोविटा, रसिकाच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते. तुमचं कार्ड लॅपटॉपच्या बॅगेत होतं. दुकानात दोनदा फोन लावला, कुणी उचलला नाही. तसंही हे फोनवर मला नीट सांगता आलं नसतं.

रसिकाला शनिवारी नौपाड्यातल्या हॉस्पिटलात ॲडमिट केलंय. थंडी वाजून एकशेचार ताप, आणि डावा हात खांद्यापासून बोटांपर्यंत सुजून लाल. डॉक्टर म्हणाले, एक दिवस उशीर झाला असता तर जहर रक्तात गेलं असतं. आता ताप उतरतोय, पण सलाईन चालू आहे.

तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगते. जूनमध्ये तिचं छातीचं ऑपरेशन झालं. डावी बाजू. तुमच्या आईला होतं तेच. काखेतल्या गाठीही काढल्या, त्यामुळे त्या हातातलं पाणी नीट उतरत नाही. त्या हाताला सुई नाही, घट्ट बांगडी नाही, गरम काही लावायचं नाही, दोन किलोच्या वर वजन उचलायचं नाही. केमोला मी सोबत जायची. केस गेले तेव्हा स्कार्फ बांधून ऑफिसला गेली. ऑफिसात सांगितलं, गाठीचं छोटं ऑपरेशन होतं.

तुम्हाला कळवायचं नाही अशी तिने माझ्याकडून शपथ घेतली होती. मी ती आज मोडतेय. देव मला माफ करेल, तिचं माहीत नाही.

डॉक्टरांनी विचारलं, एवढा हात कशाने भरला? ती म्हणाली, बसमध्ये धक्का लागला. मी तिला बसमधून उतरताना रोज बघायची, सुशांतभाऊ. उजव्या हाताने दांडा आणि डाव्या हातात तुमची बॅग. खांद्याला अडकवून बघितली, तर पट्टा बरोबर टाक्यांवर यायचा. मी म्हटलं, बाई, फेकून दे ती. म्हणाली, भावाची ओवाळणी आहे.

मी तुम्हाला दोष देत नाही. पण तुम्हाला कळायला हवं.

जोविटा


डोंबिवली पूर्व
१० डिसेंबर

रसिका,

मी काल आलेलो. जोविटाताईंनी सांगितलं असेल किंवा नसेल. तू झोपली होतीस. उशीवर तुझा हात ठेवला होता, सुजलेला, बोटं अशी थोडी उघडी. मी दारातून तेवढंच बघितलं आणि परत फिरलो. जिना उतरून खाली गेलो, हॉस्पिटलच्याच पायरीवर बसलो. कुणीतरी विचारलं, काका पाणी देऊ का? किती वेळ गेला माहीत नाही.

आईचा हात मी दोन वर्षं सांभाळला. नर्स ब्लडप्रेशरचा पट्टा घेऊन आली की मीच ओरडायचो, डाव्या हाताला नाही! पाण्याची कळशी तिला उचलू द्यायचो नाही. हे सगळं मला पाठ होतं. आणि तू वजन विचारलंस. काट्यावर ठेव म्हणालीस. हातावर गरम लागतो का विचारलंस. डावा हात दुखतो म्हणालीस, आणि मी तुला शेकायला सांगितलं. गरम पाण्याने. सकाळ-संध्याकाळ.

शेकलंस का? एवढं सांग मला.

राग पण आलाय, लपवत नाही. मला एक ओळ लिहिली असतीस. शेजारच्या बाईंना माहीत आणि मला नाही?

त्या फळांबद्दल मी जे लिहिलं, ते मी परत घेतो असं म्हणून परत जात नाही, हे मला कळतं.

दादा


घोडबंदर रोड
१५ डिसेंबर

दादा,

शेकलं नाही. घाबरू नकोस. काल घरी आले. हात अजून जड आहे, पण लाली गेली. आता त्यावर दिवसभर घट्ट बाही घालायची, बहुतेक कायमची.

का नाही सांगितलं? आईच्या शेवटच्या महिन्यात एकदा तू गॅलरीत उभा होतास. मी मागून आले ते तुला कळलं नाही. तू अमृतावहिनीला म्हणालास, "हे मी पुन्हा नाही बघू शकणार. कुणाचंच नाही." जूनमध्ये रिपोर्ट हातात आला तेव्हा मला पहिलं तेच वाक्य आठवलं. त्याआधी वर्षश्राद्धाला भांडताना तू म्हणालेलास, मी ओझं टाकून पळते. मग म्हटलं, हे तरी त्याच्यावर टाकायला नको.

पण सगळं खरं लिहायचं तर हेही लिहिते. मी पुन्हा पुन्हा विचारत होते ना, वजन किती, गरम किती? कुठेतरी वाटत होतं, तू ओळखशील. तुझा मेल उघडताना भीती वाटायची की ओळखलं असेल, आणि वाचून झाल्यावर वाईट वाटायचं की ओळखलं नाही. यात तुझी चूक काय? मी कोडं घातलं आणि उत्तर आलं नाही म्हणून रुसले.

आणि फळांचं. मी शनिवारीच यायचे, कारण बाकीचे दिवस आईला तसं बघून आले की काम होत नसे. मी पळतच होते. तुझं अगदीच खोटं नव्हतं.

डॉक्टर म्हणतात, काखेजवळ काहीतरी लागतंय. सूज असेल किंवा दुसरं काही. जानेवारीत तपासतील. २९ तारखेचं काम मी करणार आहे. ते सोडायला सांगू नकोस. घरी बसून त्या तपासणीची वाट बघणं मला जमणार नाही.

रसिका


डोंबिवली पूर्व
२३ डिसेंबर

रसिके,

सोड म्हणत नाही. ऐक.

त्या घोडबंदरच्या गिऱ्हाइकाने पातळवाला विकायला काढलेला, एका भोकाला कंटाळून. मी घेतला. किराणावाल्याकडे गेलो, काट्यावर ठेवला. एक किलो तीनशे साठ. चार्जर एकशे ऐंशी. चार माणसं बघत होती, बघू देत.

मग बसलो त्याच्यासमोर. माझेच आक्षेप होते, ते मलाच सोडवायचे होते. सीड्यांचं सोपं निघालं, तुझ्या ऑफिसातून डोंगलसोबत मागवलेल्या सगळ्या सीड्या त्याच्या डिस्कवरच उतरवून ठेवल्या. पण नेटवर्कची वायर आणि डोंगल दोन्ही त्या एकाच भोकाला हवेत. एका भोकाची चार करणारा हब लावला तर हबमधून तुमचं डोंगल ओळखच देत नाही. तीन हब बदलले. चार दिवस गेले. अमृता म्हणाली, जेवताना तरी त्याच्याकडे रागाने बघू नका.

शेवटी डोक्यात आलं, वायर लॅपटॉपला लावायचीच कशाला? छोटा वायरलेस राउटर घेतलाय. क्लिनिकची वायर त्याला लाव, लॅपटॉप हवेतून जोडला जाईल, भोक डोंगलला मोकळं. मी दुकानात दहा वेळा करून बघितलं. नऊ वेळा चाललं. दहाव्या वेळी काय झालं ते कळलं नाही, तुला खोटं सांगणार नाही.

वेग नाही वाढवता आला. त्या डिस्कला इलाज नाही. माझ्या मशीनवर नोंदींना तास लागला असता, इथे तीन धर. मधे तापला तर थांबलाय असं वाटेल, थांबू दे, हात लावू नकोस. खाली हवा खेळू दे.

सगळं मिळून एक किलो आठशे, आजच कुरिअरने पाठवतोय. उजव्या हातात घे. आणि बस नको, रिक्षाने जा.

मी येऊ का? नको म्हणालीस तर येणार नाही.

दादा


घोडबंदर रोड
१४ जानेवारी २००९

दादा,

सविस्तर लिहीन म्हणाले होते, ते आज लिहितेय. २९ तारखेला काम झाल्यावर तुझ्याशी धड बोलताच आलं नाही.

"नको" असं मी कळवलं होतं. तरी पॉलिक्लिनिकच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून मला तू रिक्षा स्टँडजवळ दिसलास. निळा शर्ट. चार तास तू तिथून हलला नाहीस. एकदा चहा घेतलास, अर्धा टाकलास. मी हाक मारली नाही, कारण हाक मारली असती तर मला रडू आलं असतं आणि समोर तीन डॉक्टर उभे होते.

राउटर पहिल्या फटक्यात लागला. डोंगलचा दिवा लागला. नोंदी सुरू झाल्या आणि एक्काहत्तर टक्क्यांवर सगळं ठप्प. पंखा असा ओरडायला लागला की रिसेप्शनवरची मुलगी दोन पावलं मागे सरकली. मोठे डॉक्टर म्हणाले, "मॅडम, हे खेळणं आणलंत का?" तू म्हणाला होतास, हात लावू नकोस. मी लावला नाही. वीस मिनिटं आकडा हलला नाही. मला कल्याणचे ते पहिले डॉक्टर आठवत होते, साहेब आठवत होते, माझा हात बाहीच्या आत ठणकत होता. मग मी सिस्टरकडून ड्रेसिंगचा मोठा स्टीलचा ट्रे मागितला, उलटा घातला आणि अलगद लॅपटॉप त्यावर सरकवला. पोलाद गार होतं. पाचेक मिनिटांनी पंखा उतरला. बहात्तर. त्र्याहत्तर.

तीन तास दहा मिनिटं. एकही नोंद गेली नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांना मी सगळं सांगितलं. ऑपरेशन, हात, बाही, सगळं. त्यांनी वेळापत्रक पुढ्यात ओढलं. मग म्हणाले, आठवड्यात तीन दिवस फिरती, दोन दिवस ऑफिस, पगार तेवढा राहणार नाही. मी हो म्हटलं. रागही आला, पण हो म्हटलं.

काल तपासणी झाली. काखेजवळचं ते सूजच होती, दुसरं काही नाही. तुला फोन करून ते सांगितलं. मागे धूळ उडवायच्या ब्लोअरचा आवाज येत होता आणि मग तो बंद झाला. अमृतावहिनीने फोन घेऊन सांगितलं, "ते मोरीत गेलेत तोंड धुवायला." हात मात्र उजव्यापेक्षा दोन सेंटिमीटर जाडच राहणार असं डॉक्टर म्हणाले. आणि पाच वर्षं दर तीन-चार महिन्यांनी यायचं.

त्यासाठी काल हॉस्पिटलात नवा फॉर्म भरायला दिला. जवळचे नातेवाईक, असा एक रकाना असतो. जूनमध्ये त्यात मी जोविटाचं नाव लिहिलं होतं. ती शेजारीच बसली होती. तिला विचारलं, बदलू का? म्हणाली, "बदल गं बाई, सुटले मी. पण सोबत येणं काही मी सोडणार नाही."

मग तुझं नाव लिहिलं. नातं, भाऊ. फोन नंबरासाठी मोबाइल काढला आणि लक्षात आलं, बघायची गरज नाही, पाठ आहे.

पुढची तारीख तेरा एप्रिल, सकाळी साडेदहा. दुकान बंद ठेव.

रसिका